परक्या पोशाखातला माणूस

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. एका परदेशी प्रवाशाने फेटा, अंगरखा आणि धोतर अशा वेषात स्वतःचे व्यक्तिचित्र तुझ्याकडे मागितले आहे आणि ते काम घ्यावे की नाही या विचारात तू आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. हे निव्वळ सोंग आहे, असे तू लिहितोस. मला तसे वाटत नाही. ते काम तू जरूर घे.

ही हौस फार जुनी आहे. इंग्रज सरदार, डेन्बीचा अर्ल विल्यम फील्डिंग १६३१ ते १६३३ या काळात इराण आणि हिंदुस्थान पाहून इंग्लंडला परतला, तेव्हा चित्रकार व्हॅन डाइकने त्याला गुलाबी रेशमी अंगरखा आणि पायजमा अशा वेषात रंगवले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्या चित्रात एक हिंदुस्थानी मुलगा त्याला झाडावरचा पोपट दाखवतो आहे. अर्लच्या एका हातात बंदूक आहे आणि दुसऱ्या हाताचा पंजा नवलाने उघडला आहे. त्या रेशमाची झळाळी अप्रतिम आहेच, पण माझी नजर दर वेळी त्या उघड्या हातावर थांबते. या देशाचे कपडे अंगावर घालूनही माणूस इथे नवखाच आहे, हे स्वतः कधी हिंदुस्थानात न आलेल्या चित्रकाराने ओळखले, याचे मला फार कौतुक वाटते.

इंग्रज कवी बायरनने १८०९ साली अल्बानियात प्रत्येकी ५० गिनी (इंग्रजी सोन्याची नाणी) मोजून उंची पोशाख घेतले आणि पुढे चित्रकार थॉमस फिलिप्सकडून त्या वेषात चित्र काढून घेतले. ते देखणे आहे, पण त्यात मला रुबाबच अधिक दिसतो. जिनिव्हाचा चित्रकार लिओतार याची गोष्ट निराळी. तो १७३८ मध्ये इस्तंबूलला गेला, तिथे सुमारे चार वर्षे राहिला आणि युरोपात परतल्यावरही तुर्की झगा व लांब दाढी अशाच थाटात वावरत राहिला. ती दाढी त्याने १७५६ मध्ये लग्नाच्या वेळी उतरवली. त्याच्या पेस्टलमधल्या (रंगीत खडूंनी काढलेल्या) आत्मचित्रांत कपडा अंगाला सरावलेला वाटतो, कारण तो खरोखरच रोजचा झाला होता.

२०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर रेखाटने करताना मी हेच शोधत होतो. नव्याने धोतर नेसलेल्या एका परदेशी पाहुण्याचा हात सारखा कमरेशी जाई. निऱ्या सुटतील या धास्तीने त्याचे खांदे वर चढलेले आणि पावले आखूड पडत होती. शेजारी आमचे एक वृद्ध गुरुजी उपरणे सावरण्याचेही भान नसल्यासारखे पायऱ्या उतरत होते. वस्त्र तेच, पण दोन शरीरांवर ते किती वेगळे दिसत होते!

तुझ्या पाहुण्याचा तो अवघडलेपणा झाकू नकोस. शिवलेला तयार फेटा मुळीच आणू देऊ नकोस. बांधणाऱ्याला बोलावून त्याच्यासमोरच बांधून घे आणि कपाळावर पीळ कुठे रुततो ते पाहा. बैठकीपूर्वी तासभर तरी त्याला त्या वेषात हिंडू दे, म्हणजे अंगरख्याला कोपराशी खऱ्या चुण्या पडतील. रंगाची घाई करू नकोस. आधी कोळशाने नुसते हात आणि मान रेखाटून घे. ती रेखाटने मला अवश्य पाठव.

तुझा मित्र