बंद्याची आत्महत्या आणि शासनाची जबाबदारी : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कारागृहातील बंद्यांच्या मानसिक उपचारांबाबत शासनाची कायदेशीर जबाबदारी.

महोदय,

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारागृहातील मृत्यूंसाठी भरपाईचे धोरण मंजूर केले. काम करताना झालेला अपघात, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निष्काळजीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा बंद्यांमधील हाणामारी यांमुळे बंद्याचा मृत्यू झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर वारसांना पाच लाख रुपये मिळतील. बंद्याने आत्महत्या केली असेल, तर एक लाख. असे धोरण असावे ही मागणी जुनी होती आणि ते आले याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु पुण्यात फौजदारी वकिली करताना आणि विधी सेवेच्या माध्यमातून कच्च्या, म्हणजे खटला अजून प्रलंबित असलेल्या, कैद्यांची कामे पाहताना जे दिसते, त्यावरून या दोन रकमांमधील फरकाबद्दल आपल्याशी जाहीरपणे बोलणे मला आवश्यक वाटते. आत्महत्या आणि वैद्यकीय निष्काळजीपणा हे दोन वेगळे रकाने करून शासनाने असे गृहीत धरले आहे की, जीव देणाऱ्या बंद्याच्या मृत्यूचा बराचसा भार त्याच्या स्वतःवरच आहे. कायदा असे मानत नाही.

बाहेरच्या माणसाला झोप लागेनाशी झाली, कानात आवाज येऊ लागले, जगणे नकोसे झाले, तर तो डॉक्टर गाठू शकतो, एक पटला नाही तर दुसऱ्याकडे जाऊ शकतो, मध्यरात्री बहिणीला फोन लावू शकतो. बंद्याला यातले काहीही स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. ज्या शासनाने हे सर्व मार्ग बंद केले, त्याच्यावरच उपचाराचा भार येतो, आणि हा विचार आजचा नाही. 1894 च्या तुरुंग अधिनियमाचे कलम 14 सांगते की, कारागृहातील शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे एखाद्या बंद्याच्या मनावर घातक परिणाम होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटले, तर त्याने अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तो अहवाल अधीक्षकांच्या आदेशासह तातडीने महानिरीक्षकांकडे जावा. ब्रिटिश राजवटीलाही बंद्याच्या मनाची नोंद कागदावर असावी असे वाटले होते.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम याच्या पुष्कळ पुढे गेला. कलम 31 नुसार कारागृहातील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे. कलम 103 नुसार प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात नोंदणीकृत मानसिक आरोग्य आस्थापना असलीच पाहिजे. कलम 115 तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवते. हे कलम कारागृहाच्या दरवाजाशी थांबत नाही.

कलम 103 मधील एका तरतुदीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी याच कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवून, आपल्या कारागृहात मानसिक आजार असलेला एकही बंदी नाही, असे प्रमाणित करायचे असते. असा बंदी असेल, तर मंडळ कारागृहात येऊन विचारू शकते की याला उपचारांसाठी का हलवले नाही. तरतुदीचा हेतू चांगला आहे. मात्र इंडिया जस्टिस रिपोर्ट 2025 नुसार देशभरातील सुमारे 5.7 लाख बंद्यांसाठी मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून अवघे 25 आहेत, आणि आदर्श कारागृह नियमावलीला दर 500 बंद्यांमागे एक अपेक्षित आहे. मग हे प्रमाणपत्र कोणाच्या तपासणीवर दिले जाते? तपासले नाही म्हणून सापडले नाही, सापडले नाही म्हणून नाही असे लिहिले, असा हा प्रवास होत असेल, तर त्या कागदाने बंद्याचे संरक्षण होत नाही, होते ते फक्त प्रशासनाचे.

एक प्रसंग सांगतो. कारागृहाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका कारागृहाचा नाही. माझ्या एका अशिलाला बायपोलर आजार होता आणि अटकेपूर्वी तो लिथियमच्या गोळ्यांवर व्यवस्थित होता. हे औषध थोडे जास्त झाले तर विषारी ठरते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि अचानक बंद केले तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. त्याची आई मुलाकातीला येताना गोळ्यांची पाकिटे आणि रुग्णालयाचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत असे. बाहेरचे औषध आत घेता येत नाही, असे तिला सांगण्यात आले, आणि त्यामागचे सुरक्षेचे कारण मला समजते. पण आतल्या दवाखान्यात ते औषध नव्हते, बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे ठरले तर त्या दिवशी कैदी पार्टी, म्हणजे बंद्याला नेणारे पोलीस पथक, आली नाही, आणि पुढची तारीख कोणी ठरवली नाही. पुढच्या सुनावणीला तो व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या) पडद्यावर दिसला तेव्हा स्वतःचे नाव पुकारल्यावरही त्याने मान वर केली नाही. न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंद झाली : आरोपी व्हीसीद्वारे हजर. न्यायालयात अर्ज देऊन, तो केसपेपर जोडून, आदेश मिळाला तेव्हा उपचार सुरू झाले. त्याला आई होती आणि तिने कागद जपले होते. ज्याच्या मुलाकातीला कोणीच येत नाही, त्याच्या आजाराची माहिती आत कोण पोहोचवणार?

या प्रसंगात कोणी दुष्टपणा केला असे मी म्हणत नाही. जबाबदारी इतक्या ठिकाणी विभागली गेली आहे की ती कोणाच्याच अंगाला लागत नाही, आणि हे सर्वांत ठळकपणे दिसते ते पुण्यातच. क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी ठेवावे लागलेले येरवडा मध्यवर्ती कारागृह आणि 2,540 खाटांचे येरवड्याचेच प्रादेशिक मनोरुग्णालय यांच्यात रिक्षाने काही मिनिटांचे अंतर आहे. राज्याच्या कारागृह विभागाचे मुख्यालयही याच शहरात आहे. पण कारागृह आपल्या गृह विभागाचे, मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, ससून सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि बंद्याला नेणारा बंदोबस्त शहर पोलिसांचा. 2023 साली ससूनमध्ये उपचारांसाठी ठेवलेला एक आरोपी पसार झाला, त्यानंतर रुग्णालयात पाठवण्याच्या प्रत्येक शिफारशीकडे संशयाने पाहिले जाईल ही भीती मला वाटत आली आहे. म्हणून बंद्याला बाहेर नेण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञालाच ठरलेल्या वारी आत आणणे अधिक सुरक्षित आणि स्वस्तही पडेल. टेलिमानसची 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा बंद्यांसाठीच्या फोनवरून विनाअट लावता येणे तर फारच सोपे आहे.

आता पुन्हा भरपाईकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत 159 अनैसर्गिक मृत्यू झाले आणि त्यांतील 119 आत्महत्या होत्या. म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंमध्ये अपवाद म्हणून नव्हे, तर प्रमुख कारण म्हणून आत्महत्येकडे पाहावे लागते. त्याच वर्षी एकूण बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन होते, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या नीलाबती बेहेरा खटल्यात स्पष्ट केले की कोठडीतील मृत्यूबाबत सार्वभौमत्वाची ढाल, म्हणजे शासन सार्वभौम असल्याने त्याच्याकडे भरपाई मागता येत नाही हा बचाव, शासनाला वापरता येणार नाही. त्याच न्यायालयाने 15 सप्टेंबर 2017 च्या निकालात अनैसर्गिक मृत्यू झालेल्या बंद्यांच्या नातलगांना भरपाई मिळावी म्हणून उच्च न्यायालयांना स्वतःहून याचिका दाखल करून घेण्यास सांगितले आणि समुपदेशक नेमण्याचेही निर्देश दिले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2023 मध्ये बंद्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. इतके सगळे लिहून ठेवलेले असताना, त्यातले काय पाळले गेले हे न तपासताच मृत्यूला आत्महत्येच्या रकान्यात टाकणे न्यायाचे नाही.

माझी मुख्य विनंती यासाठीच आहे. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 196 खाली कोठडीतील प्रत्येक मृत्यूची न्यायदंडाधिकारी चौकशी होते. आपल्या धोरणात दुरुस्ती करून असे ठरवावे की, त्या चौकशीसमोर शासनानेच बंद्याची प्रवेशाच्या वेळची मानसिक तपासणी, पूर्वीच्या उपचारांची नोंद, शेवटचे औषध कोणत्या तारखेला दिले ती नोंद आणि तज्ज्ञाकडे पाठवल्याचे कागद हजर करावेत, आणि ते हजर करता आले नाहीत तर तो मृत्यू वैद्यकीय निष्काळजीपणाचा मानून वारसांना पाच लाख रुपये द्यावेत. मुलगा आत असताना त्याची फाईल ज्या आईला कधी दाखवली गेली नाही, तिच्यावर निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे टाकू नये.

दुसरी विनंती छोटी आहे आणि तिला पैसा लागत नाही. कलम 103 खालचे तिमाही अहवाल, बंद्यांची ओळख उघड न करता, विभागाच्या संकेतस्थळावर टाकावेत, आणि प्रत्येक अहवालासोबत त्या तीन महिन्यांत मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा कारागृहात आले व त्यांनी किती बंदी तपासले, हे दोन आकडे असावेत. सुरुवात येरवड्यापासून, येत्या तिमाहीच्या अहवालाने करता येईल.

आपला विश्वासू,
विधी सेवेत काम करणारा एक वकील
पुणे