सागाची डीएनए तपासणी ही हौस नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सागाच्या डीएनए तपासणीला कालच्या स्फुटात आपण 'हौस' म्हटलंत. तीस वर्षं आपला पेपर घेतो, म्हणून स्पष्टच लिहितो: हे वाचून फार वाईट वाटलं.

मी रोपवाटिकेत सागाचे डोळे भरायचो, म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा (कोंब) काढून दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधून कलम करायचो. 1989च्या उन्हाळ्यात आलापल्लीकडच्या एका निवडक झाडाच्या काड्या आल्या. सरळसोट झाड, बुंध्याला दूरवर फांदी नाही. त्याचे डोळे मीच खुंटांवर बांधले. आठवड्याभरात वळीव झोडपून गेला, चिठ्ठ्यांचा लगदा झाला आणि तीन झाडांची कलमं एकमेकांत मिसळली. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "सागच आहे ना? लावून टाक." लावली. बिल्ले अंदाजाने ठोकले. दोन वर्षांनी आलापल्लीचं ते झाड वादळात पडलं. आता त्याचा वंश आहे तो फक्त आमच्या त्या ओळींत, आणि नेमका कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. साल बघून, पान चोळून मी कितीदा शोधलं. नाही ओळखू येत.

पानाच्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत ओळखू येतं. डीएनएत काही ठिकाणी एक छोटा तुकडा लागोपाठ येतो. किती वेळा, हे झाडागणिक बदलतं. बाकीची दोन मूळ झाडं अजून उभी आहेत. त्यांच्याशी जुळत नाहीत, पण आपापसांत जुळतात, ती कलमं आलापल्लीची. कशाशीच जुळलं नाही, तर डोळा मेला आणि खुंटाचा फुटवा वाढला असं समजायचं.

चंद्रपूरजवळ लोहाऱ्याला सागाची राष्ट्रीय जननद्रव्य बँक आहे. वेगवेगळ्या राज्यांतली झाडं तिथे कलमं करून जपली आहेत. अशा ठिकाणी एकच झाड दोन नावांनी उभं असेल, तर वैविध्य फक्त रजिस्टरात राहतं. बियाण्याचंही तेच. साग स्वतःच्या परागावर फारसा फळत नाही. बीजोद्यानात, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या बागेत, एकाच झाडाची कलमं शेजारी आली की बी कमी धरतं. मग रोपवनासाठी बी आणायचं कुठून?

आणखी एक. स्फुटासोबतचा फोटो सागाचा नव्हता, निलगिरीचा होता. खाली मात्र 'सागवन' छापलंय. कृपया दुरुस्ती छापावी.

त्या ओळी मी आजही दाखवू शकतो. कुणी पानं गोळा करायला येणार असेल, तर मी सोबत येईन. पानगळ फेब्रुवारीत संपत आलेली असते, त्याआधी यावं.

आपला,
एक निवृत्त वनमजूर, जि. चंद्रपूर