पथकाचा कुरता सरावातच पारखा

महोदय,

गणपती दोन-अडीच महिन्यांवर आले की ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. त्याच सुमारास शंभर-दीडशे कुरत्यांच्या ऑर्डरी घरगुती शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे, बचत गटांकडे आणि स्वतःचा ब्रँड उभा करू पाहणाऱ्या तरुणांकडे येतात. बोलणं मात्र रंग, गळपट्टी आणि पाठीवरच्या छपाईभोवतीच फिरतं. मग ऐन मिरवणुकीत बगल उसवते, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

म्हणून आमचा आग्रह आहे की सगळं कापड बेतण्याआधी पाच-सहा नमुने शिवून ते सरावात वापरायला द्यावेत. हे नमुने वेगवेगळ्या वादकांना द्यायला हवेत. ढोल कमरेला बांधलेला असतो, त्यामुळे दोरीखाली कापड विरतं आणि टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरलेल्या हाताच्या बगलेवर ताण येतो. ताशाचा पट्टा मानेमागे घासतो. ध्वजधाऱ्याच्या कुरत्याला खांद्यांच्या मध्ये पाठीवर ओढ बसते. प्रत्येक नमुन्याला आतून क्रमांक घालावा आणि तीन-चार सरावांनंतर तो न धुता परत मागवावा. घामाचे, घासल्याचे आणि ताणाचे डाग तोंडी उत्तरापेक्षा जास्त सांगतात. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘हात वर केल्यावर कुठे ओढतं?’, ‘कुरता किती वेळा खाली ओढावा लागला?’, ‘मोबाइल कुठे ठेवलात?’ असं विचारलं तर कामाचं हाती लागतं.

उत्तर मिळालं तरी ते जसंच्या तसं अमलात आणू नये. ‘बगलेत घट्ट होतो’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि त्यावर मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोलाकार काप, खाली उतरवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना अख्खा कुरता वर ओढला जातो. मुंढा आहे तिथेच ठेवून बाहीचा घेर दीड-दोन इंच वाढवावा आणि बगलेत साडेतीन-चार इंचांचा चौकोनी तुकडा जोडावा. छातीला अंगाच्या मापापेक्षा चार-पाच इंच सैलपणा हवा. माप घेताना हात खाली सोडून आणि डोक्यावर उचलून, दोन्ही वेळा टेप लावावी.

परत आलेला कपडा उसवलाय की फाटलाय, हे नीट पाहावं. दोरा तुटला असेल तर दोरा कच्चा आहे किंवा मशीनचा ताण चुकलाय. तिथे सुतीऐवजी पॉलिस्टर दोरा वापरावा. शिलाईलगत कापडच चिरलं असेल तर टाके फार दाट पडलेत. कॅम्ब्रिक या पातळ सुती कापडाला 11 नंबरची सुई आणि इंचाला 10-12 टाके पुरतात. 16-18 घातले की भोकांची रांग तयार होऊन कापड तिथेच फाटतं. शिलाई शाबूत, पण शेजारचे धागे सरकून जाळी दिसत असेल तर विणच विरळ आहे. ते कापड बदलावं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पथकांत मुली मोठ्या संख्येने आहेत, तरी बऱ्याचदा त्यांना पुरुषी बेताचाच लहान आकार दिला जातो. खांदा उतरतो, नितंबावर कुरता अडकतो आणि वर सरकतो. त्यांचा बेत वेगळाच काढायला हवा. पावसात पांढरं कॅम्ब्रिक अंगाला चिकटून पारदर्शक होतं, हे मुली पथकप्रमुखांसमोर बोलत नाहीत. म्हणून त्यांची मतं एखाद्या मुलीनेच स्वतंत्रपणे घ्यावीत. जाड पॉपलिन किंवा पुढच्या भागाला अस्तर, हे दोन्ही उपाय चालतात. मात्र नमुना अंगावर घालून, ओला करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कापड आटतं, तेही आधीच तपासावं. 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तुकडा धुवावा, वाळवून इस्त्री करावा आणि पुन्हा मोजावा. पाच टक्के आटलं तर 42 इंच लांबीचा कुरता दोन इंचांनी तोकडा होतो. भगवा शेला पांढऱ्या चिंधीबरोबर कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवला की रंग जातो का, तेही कळतं.

या नमुन्यांचा खर्च शिवणाऱ्याने सोसायचा की पथकाने, यावर ऑर्डर अडते. तो दरातच धरावा आणि पथकाने पहिला हप्ता देतानाच नमुन्यांसाठी दोन आठवडे लेखी मान्य करावेत. पथकप्रमुखांनी यंदा सरावाची तारीख ठरवतानाच शिवणाऱ्यांना बोलवावं, ही विनंती.

— पथकांचे कपडे शिवणाऱ्या काही जणी, पुणे