रविवारची बैठक : कीट्सची 'टू ऑटम'

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. इंग्रज कवी जॉन कीट्सची ही कविता १९ सप्टेंबर १८१९ची, इंग्लंडमधल्या विंचेस्टरमध्ये लिहिलेली. ११ ओळींची ३ कडवी.

• घरी दोनदा मोठ्याने वाचा. प्रत्येक कडव्यात ९वी-१०वी ओळ यमकाने जुळते आणि ११वी शेवट लांबवते. मनात वाचलं की हे निसटतं.

• 'ऑटम'ला 'शरद' म्हणू नका. कोजागरीचं चांदणं आठवतं, इंग्लंडची कापणी हरवते. 'सुगी' जवळचा.

• जास्त वेळ दुसऱ्या कडव्याला, जिथे ऋतूच माणसासारखा दिसतो : उफणणीच्या वाऱ्यावर उडणारे केस, अर्धवट कापलेल्या सरीत लागलेली झोप, डोक्यावर ओझं सावरत ओढा ओलांडणारी सरवा (कापणीनंतर शेतात उरलेली कणसं) वेचणारी.

छापील प्रत आणाच, मोबाइलवर ओळी तुटतात. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.