केसपेपरवर ‘व्यसन : नाही’

मा. संपादक, स.न.वि.वि.

२६ जून आला की व्यसनमुक्तीच्या फेऱ्यांचे फोटो छापून येतात. फलकांवर ‘दारू सोडा, संसार जोडा’. सोडायचं पुरुषानं, जोडायचं बाईनं. बाईलाही काही सुटत नसेल, अशी शंका कुणाला येत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई चार वर्षांपासून मानसोपचार घेतात. मागच्या खेपेला ओपीडीत नवा केसपेपर काढताना विचारलं, ‘‘काही व्यसन?’’ त्यांनी तोंड उघडायच्या आत पुतण्या म्हणाला, ‘‘छे, बाईमाणूस आहे!’’ कागदावर ‘नाही’ पडलं. तेव्हा त्यांच्या कमरेच्या चंचीत मिश्रीची डबी होती. दिवसातून चार-पाचदा लावतात. ऊसतोडीला जायच्या तेव्हापासूनची सवय. अंधारात फडात उतरायचं, भाकरी दुपारी, तोवर तंबाखूनं भूक मारायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्याकडे ती दात घासायला असते. मी शाळेत तंबाखूविरोधी शपथ घ्यायला लावणारी बाई, मीसुद्धा ती कधी व्यसनात धरली नाही.

मिश्रीचं एक वेळ राहू द्या. घात केला तो गोळीनं. झोपेसाठी कधीतरी लिहून दिलेली अल्प्राझोलाम. चिठ्ठीतले दिवस संपले, गोळी चालूच. २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी लागते, दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते तीन वर्षं जपायचं असतं. इथं रिकामी पट्टी दाखवली की नवी हातात पडते. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पोळ्याच्या आठवड्यात पट्टी मिळाली नाही. हात थरथरायला लागले, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, येईल त्याच्या अंगावर जायच्या. घरात एकच बोलणं, आजार उलटला. देवऋषाकडे न्यायचंही निघालं. ही गोळी एकदम तोडली की असं होतं, कधी फिटही येते, डॉक्टरांच्या देखरेखीत थोडी थोडी कमी करावी लागते, हे आम्हाला नंतर कळलं.

व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न, ‘‘पेशंट कोण, मिस्टर का?’’ बाई आहे म्हटल्यावर, ‘‘लेडीजची सोय नाही.’’ दारू नि अमली पदार्थांतून येणारा मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आजारातच धरलाय. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही.

डॉक्टरांपुढं गर्दी किती असते ते मी पाहते. तरी बाईला दोन मिनिटं एकटीला विचारावं, सिस्टरनं विचारलं तर आणखी बरं. ‘व्यसन’ हा शब्दच नको. मिश्री कितीदा लावता, झोपेची गोळी कुठून आणता, असं सरळ विचारावं. जाऊबाई परवा म्हणाल्या, ‘‘मला इचारलं असतं तर सांगितलंच असतं की. पोरगंच मधी बोललं.’’

पुढची तारीख सोमवारची आहे. पुतण्याला बाहेरच्या बाकावर बसवणार आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, जि. बीड
(घरच्यांसाठी नाव छापू नये, ही विनंती.)