त्या नुसत्या नवऱ्यामागून गेल्या नव्हत्या

संपादक महोदय,

व्हिएतनाम युद्धाला विरोध म्हणून अमेरिका सोडून कॅनडात गेलेल्यांवरील लेख वाचला. सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्या तरुणांची माहिती त्यात सविस्तर आहे; स्त्रियांची बोळवण मात्र ‘त्यांच्या पत्नी आणि मैत्रिणी’ एवढ्यावर झाली आहे. वास्तविक त्या काळात सीमा ओलांडणाऱ्या तरुण अमेरिकनांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. भरतीचा कायदा त्यांना लागूच नव्हता. म्हणजे खुशाल घरी बसायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती.

त्या दिसत का नाहीत, याचे उत्तर अर्जांत सापडते. कॅनडात स्थायिक होण्यासाठी १९६७ पासून गुणपद्धत होती. १०० पैकी ५० हवेत. शिक्षणाच्या दर वर्षाला एक असे कमाल २०, वय १८ ते ३५ असल्यास १०, अस्खलित इंग्रजीचे ५. बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीचे १६, १० आणि ५ असे ३१ गुण इथेच होत. नोकरीचे पत्र असले की आणखी १०. उरलेले ९ कौशल्य, त्या व्यवसायाला असलेली मागणी आणि मुलाखत यांतून जमवायचे. पत्र नसेल तर हेच १९ जमवावे लागत आणि तिथे गाडी अडे. त्यातून मुलाखतीचे १५ गुण सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर! नीटनेटके कपडे घालून जा, हा सल्ला उगाच दिला जात नसे. पर्यटक म्हणून आत शिरून अर्ज केला तर नोकरीच्या पत्राचे गुण बुडत. म्हणून जाणकार सांगत, की आधी पत्र मिळवा, मग परत अमेरिकेच्या हद्दीत जा आणि सीमाचौकीवर अर्ज द्या.

एकटी गेलेली स्त्री अशी स्वतःच्या गुणांवर पार पडे. विवाहितेचे तसे नव्हते. नवरा कुटुंबप्रमुख, अर्ज त्याच्या नावाने, गुण त्याचे, आणि ही अवलंबित. तिची पदवी जमेस धरली जात नसे, मग युद्धाविषयीच्या मताची नोंद कुठून होणार?

जेन जेकब्स यांचेच पाहा. शहररचनेवर लिहिणाऱ्या या बाई १९६८ मध्ये न्यूयॉर्क सोडून टोरांटोला गेल्या. मुलांना भरतीपासून वाचवायला गेल्या, असे सरसकट लिहिले जाते. ते खोटे नाही, पण डिसेंबर १९६७ मध्ये भरतीविरोधी निदर्शनांत त्यांना स्वतःला अटक झाली होती, हे कोण सांगतो? १९७४ मध्ये त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले.

नोव्हेंबर १९७२ मध्ये पर्यटक म्हणून येऊन अर्ज करण्याची वाट बंद झाली आणि अनेकजण कागदपत्रांविना अडकले. १९७३ मध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर अशी खास मुदत मिळाली. त्यात देशोदेशींच्या सुमारे ३९ हजार लोकांची नोंद नियमित झाली.

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी २१ जानेवारी १९७७ रोजी दिलेली माफी होती भरतीचा कायदा मोडणाऱ्यांना. स्त्रियांवर तो गुन्हाच नव्हता, त्यामुळे माफी मिळालेल्यांच्या आकड्यांतही त्या नाहीत. या विषयावर पुन्हा लिहिताना आपल्या लेखकांनी खटल्यांच्या आणि माफीच्या आकड्यांवर न थांबता कॅनडाच्या स्थलांतर खात्याची वय व लिंगनिहाय कोष्टके जरूर पाहावीत.

– एक वाचक