सेकंडहँड लॅपटॉप घेताना उलटा करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना काय काय बघावं यावर बरंच लिहून येतं, बॅटरी किती टिकते, रॅम किती, एसएसडी आहे का, स्क्रीनवर डाग आहेत का. पण लॅपटॉप उलटा करून बघा असं कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही एक वापरलेला लॅपटॉप घेतला, वरून एकदम चकाचक, दोन दिवसांनी ती म्हणाली आई टाईप करताना हा डुगडुगतो. उलटा केला तर चारपैकी दोन रबरी पाय गायब, त्यांच्या जागी काळा चिकट गोंद, त्यात धूळ आणि केस बसलेले. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे त्याने काय फरक पडतो, लॅपटॉप चालतोय ना.

फरक पडतो हो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंखा खालच्या जाळीतून हवा आत घेतो आणि मागून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतो. त्या छोट्या रबरांमुळे टेबल आणि जाळीमध्ये जी काही मिलिमीटरची फट राहते तीच हवेची वाट. पाय गेले की जाळी जवळजवळ टेबलाला टेकते, पंखा जोरात घोंगावतो, तरी मशीन गार होत नाही आणि मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. घरातले म्हणतात लॅपटॉप जुना झाला, फॉरमॅट मारून बघू, आणि मूळ कारण खालीच राहतं. शिवाय एक कोपरा अधांतरी असेल तर मनगटाच्या वजनाने बॉडी सारखी वाकते ते वेगळंच.

हे पाय का पडतात तेही सांगते. बहुतेक ठिकाणी ते फक्त चिकटवलेले असतात, गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि आपण लॅपटॉप न उचलता टेबलावर सरकवतो तेव्हा रबर हळूहळू बाजूला सरकत जातं. दुसरं म्हणजे कित्येक मॉडेलमध्ये स्क्रू या पायांच्या खालीच लपवलेले असतात, रिपेअरवाल्याला मशीन उघडायचं तर पाय उचकटावेच लागतात आणि एकदा उचकटलेला पाय जुन्याच गोंदावर नीट बसत नाही, थोड्या दिवसात पडतो. जुन्या लॅपटॉपचे पाय नेमके का नसतात याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. त्यामुळे पाय नसले तर मशीन आधी उघडलं होतं का, काय बदललं, हे सरळ विचारावं.

आता चिकट्याचं. इथे माझ्याकडून चूक झाली ती इतरांकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. मी घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं, गोंद निघाला पण खालचं प्लास्टिकही विरघळलं आणि तिथे कायमचा पांढुरका खडबडीत डाग राहिला. रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा असिटोन असतं आणि लॅपटॉपच्या बॉडीला वापरतात त्या प्लास्टिकला ते चालत नाही. थिनर, पेट्रोल वगैरेही नको. चालतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तू पुसायला वापरतात ते स्पिरिटसारखं द्रव, 90 टक्क्यांच्या वरचं असेल तर चांगलं कारण पाणी कमी असतं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर, खिडकी उघडी, जवळपास गॅस किंवा पेटती काडी नको कारण हे लगेच पेट घेतं. बाटलीतून थेट ओतायचं नाही, कापडावर थोडं घ्यायचं, गोंदावर अर्धा मिनिट टेकवून ठेवायचं आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने ढकलत काढायचं, ब्लेड किंवा पेचकस अजिबात नाही. फार कडक झालेला असेल तर आधी हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ. तेल लावूनही गोंद सुटतो पण त्याचा थर पूर्ण पुसला नाही तर नवीन पाय चिकटतच नाहीत, म्हणून शेवटी परत अल्कोहोलनेच पुसायचं. आणि पुसताना सिरीयल नंबरच्या स्टिकरपासून लांब राहा, काही स्टिकरची शाई अल्कोहोलने उडते, नंबरचा आधी फोटो काढून ठेवा.

एक वेगळी गोष्ट, काही जुन्या लॅपटॉपची पूर्ण बॉडीच चिकट लागते, तो गोंद नसतो, वरचं मऊ रबरी कोटिंग वयाने खराब झालेलं असतं. ते पुसताना कोटिंगच निघून येतं हे माहीत असू द्या.

नवीन पाय घेताना शिल्लक पायाची उंची आणि खाचेचा व्यास स्केलने मोजा. पुढचे आणि मागचे पाय बऱ्याचदा वेगळ्या उंचीचे असतात, म्हणून निदान पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही अशी जोडी एकदमच बदला. सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरट थर येतो आणि खाली स्क्रू असेल तर तो कायमचा अडकतो. मागे गोंद असलेले पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचे) तयार बंपर, म्हणजे चिकटवायचे छोटे पाय, चांगले बसतात, साध्या सिलिकॉनला नेहमीचा गोंद धरत नाही. अर्धा मिनिट जोरात दाबून धरायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं.

माझा राग आहे तो कंपन्यांवर. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणाले पाय वेगळे मिळत नाहीत, खालचं अख्खं कव्हर घ्या. दोन नखाएवढ्या रबरांसाठी एवढं मोठं प्लास्टिक फेकायचं? मॉडेल नंबरप्रमाणे पायांचा सेट विकायला काय अडचण आहे, किंवा पाय स्क्रूने बसवायला? आणि जुने लॅपटॉप विकणाऱ्यांनीही झाकण पॉलिश करतात तसे खालचे पायही बसवून द्यावेत.

आपल्या पेपरात पुढच्या वेळी जुना लॅपटॉप घेण्याबद्दल माहिती द्याल तेव्हा त्यात खालचे रबरी पाय हा मुद्दा जरूर घाला ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक